अकरावा नमुना

परीक्षेच्या दिवशी मावशी कोठीचं दार आतून लावून घेत. मग बाहेर खुद्द प्राचार्य येऊन उभे राहिले तरी काम संपेपर्यंत ते उघडत नसे. आत मावशी, एक तराजू, भिंतभर बाटल्या आणि टेबलावर रांगेत मांडलेल्या काचेच्या दहा कुप्या. दहा विद्यार्थी, म्हणून दहा कुप्या. कुपीवर नाव नाही, नुसता आकडा. कुठल्या आकड्यात काय भरलंय ते एका कागदावर लिहायचं, कागद पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवून बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंच्या हातात द्यायचं. मधे तिसरा हात लागता कामा नये.

हे काम खरं तर शिकवणाऱ्या माणसाचं. पण या प्रयोगशाळेत ते मावशी करत होत्या, आणि एकोणीस वर्षांत एकही नमुना इकडचा तिकडे झालेला नव्हता.

कामाला लागल्या तेव्हा त्यांचा हुद्दा होता झाडू-पोछा आणि भांडी धुण्याचा. अक्षरओळख नव्हती. बाटल्या त्या वासावरून ओळखत, झाकणाच्या रंगावरून ओळखत, आणि कधी चुकत नसत. तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना आता सगळे जुने सर म्हणतात, एकदा त्यांना म्हणाले, "मावशी, तुमचं नाक बावनकशी आहे. पण उद्या सर्दी झाली तर मी काय करू? कॉलेज बंद ठेवू?"

मावशींना ते पटलं. चाळिशी उलटून गेल्यावर त्या अक्षरं शिकल्या, त्याही बाटल्यांवरून. लोकांची मुलं घर, बदक अशी सुरुवात करतात. मावशींनी आयुष्यात पहिला शब्द वाचला तो 'विष'. कवटीच्या चित्राखाली लिहिलेला असे, त्यामुळे अर्थ विचारावा लागला नाही. तिथून पुढे त्या बेंझोइक आम्लापर्यंत पोचल्या, आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आता तुमच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला कळतं. रोज तीन चमचे नाहीयेत, दोन आहेत."

नमुने ओळखायची विद्या मात्र अक्षरांच्याही आधी आली होती. जुने सर वर्गात क्रियात्मक गट शिकवायचे, मावशी मागे नळ्या पुसत ऐकायच्या. सर म्हणायचे, रेणू केवढाही मोठा असो, त्याच्या अंगाला एखादा छोटा गट चिकटलेला असतो आणि तो रेणू कसा वागणार हे तो गट ठरवतो. मावशींनी त्याला आपलं नाव दिलं होतं: खोड. माणूस काळा असो, गोरा असो, लांब असो, आखूड असो, खोड तीच राहते. आम्लाची खोड फसफसायची. त्याच्यावर खाण्याचा सोडा टाकला की गप्प बसवत नाही त्याला. फिनॉल लोहाच्या थेंबाने जांभळा होतो. अल्डिहाइड चांदीचं पाणी दिसलं की नळीच्या आतून आरसा करून ठेवतो, नटव्या माणसासारखा. आणि कीटोन? तो तसा शांत, पण डीएनपी नावाचं पिवळट द्रावण भेटलं की लगेच गढूळ होऊन केशरी गाळ टाकतो. अल्डिहाइडही टाकतो, पण तो आरशावरून वेगळा काढता येतो. काही बिचाऱ्यांना खोडच नसते. नॅफ्थलीन घ्या, म्हणजे आपली कपाटातली डांबरगोळी. कशालाही बधत नाही.

"माझ्या घरात फक्त ह्यांनाच खोड नाही," मावशी नवऱ्याकडे बोट करून सांगत, "काहीही घाला, रंग बदलत नाही."

सुनेची खोड त्यांना अजून पुरती कळली नव्हती.

सून दीड वर्षापूर्वी घरात आली आणि सहा महिन्यांपूर्वी ह्याच प्रयोगशाळेत. शिकलेली, मोठ्या संशोधन संस्थेत दोन वर्षं काम केलेली. इथे तिला तात्पुरती शिक्षिका म्हणून घेतलं. त्यामुळे गंमत अशी झाली की घरी जी सासू ती इथे शिपाई आणि घरी जी सून ती इथे साहेब. दोघी सकाळी एकाच बसने येत, एकाच डब्यातून जेवत. पण प्रयोगशाळेचं दार ओलांडलं की मावशी तिला "मॅडम, तुम्ही" म्हणत आणि ती त्यांना "मावशी". पहिल्या दिवशी सुनेने जरा कां कूं केलं होतं.

"आई, मला नाही जमायचं ते."

"न जमायला काय झालं? दाराच्या बाहेर चप्पल काढतेस ना, तसं आईपण काढून ठेवायचं. जाताना परत घालायचं."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नळ्या सुकवायच्या भट्टीची तार जळाली. मावशींनी धुतलेल्या ऐंशी परीक्षानळ्या लाकडी खुंट्यांवर उलट्या टांगल्या आणि म्हणाल्या, सकाळपर्यंत सुकतील. नवे सर, म्हणजे जुन्या सरांच्या जागी दोन वर्षांपूर्वी आलेले विभागप्रमुख, जाता जाता सुनेला बजावून गेले, "मॅडम, उद्याच्या परीक्षक फार कडक आहेत. ओल्या नळ्या टेबलावर दिसता कामा नयेत."

सकाळी साडेसातला मावशींनी कोठीचं दार लावलं. एकेक बाटली उतरवली, नाव वाचलं, बोट लावून परत वाचलं, झाकण उघडून हाताने वारा घालत वास नाकाकडे ओढला, मग भरलं. प्रत्येक बाटलीला वेगळा चमचा, वेगळा ड्रॉपर. वापरलेला चमचा डाव्या ताटलीत, परत हात लावायचा नाही. एक नंबर बेंझोइक आम्ल. चार नंबर इथाइल ॲसिटेट, त्याचा वास पिकलेल्या फळासारखा. सात नंबर नॅफ्थलीन. हा नमुना मावशींचा लाडका, कारण पोरं हमखास त्यात काहीतरी शोधत बसतात, आणि शोधायला काही नसतं.

नऊला दारावर टकटक झाली.

"मावशी, झालं का? बाई आल्यात."

मावशींनी दार वीतभर उघडून कुप्यांचा ट्रे बाहेर दिला. सुनेने तो रबरी हातमोजे घातलेल्या हातांनी घेतला. तिच्या अंगाला ॲसिटोनचा वास येत होता, तो गोडसर, नाकाच्या शेंड्याला गार लागणारा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तोच असतो. मावशी मनात हसल्या. सुनेच्या नखांना गडद लाल रंग होता, त्यावरून परवाच घरी विषय निघाला होता. परीक्षक कडक म्हटल्यावर पोरीने नखं साफ केली वाटतं. बरं झालं, आपल्याला बोलावं लागलं नाही.

परीक्षा सुरू झाली. मावशी पाकीट बाईंच्या हातात देऊन आपल्या जागी, खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी आज बोलायचं नसतं, नुसतं लागेल ते द्यायचं असतं. पण बघायला कोणाची मनाई नव्हती. आकडा कोणाकडे गेलाय ते बघायचं आणि नळीत रंग यायच्या आधीच तो कोणता येणार ते मनात म्हणायचं, हा त्यांचा जुना खेळ.

एक नंबर फसफसला. बरोबर. दोन नंबर जांभळा झाला. बरोबर. चार नंबर एका चष्मेवाल्या मुलीकडे होता. तिने कुपी नाकाजवळ नेली, हळूच हसली, म्हणजे तिला फळाचा वास लागला होता. पोरगी हुशार. मग तिने टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यातून कोरी नळी घेतली, दोन थेंब नमुना, वर डीएनपी.

केशरी गाळ.

मुलीचं हसू मावळलं. मावशींच्या कपाळावर आठी आली. हे तर व्हायलाच नको. बाजूच्या टेबलावर पाच नंबर, तोही केशरी. सहा केशरी. मावशी स्टुलावरून उठल्या आणि काहीतरी द्यायच्या निमित्ताने सात नंबरच्या टेबलापाशी गेल्या. तिथे डांबरगोळीचा वास असा येत होता की थंडीची गाठोडी उघडल्यासारखं वाटावं. आणि त्या टेबलावरच्या नळीत छान, दाट केशरी गाळ बसला होता.

सात नंबरवाला मुलगा शेजाऱ्याला कुजबुजत होता. "अरे, मला कीटोन आलाय."

"मलापण."

"तुला कसा येईल? मघाशी तुझं फसफसलं ना?"

"फसफसलं. आणि कीटोनपण आलाय."

"दोन्ही? तुझा नमुना आहे का वऱ्हाड?"

परीक्षक बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दहाही टेबलांवरून एक चक्कर मारली, दहाही नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यांनी हात थांबवा. पेन खाली ठेवा. कोणाचे मार्क जाणार नाहीत, घाबरू नका." मग सरांकडे वळल्या. "जरा आत बसू या."

आत म्हणजे कोठीत. सर, बाई, सून आणि मावशी. बाईंनी पाकीट फोडलं, कागद उलगडला, चष्मा वर करून वाचला.

"अक्षर कोणाचं?"

"माझं," मावशी म्हणाल्या.

"सुरेख आहे." बाईंनी कागद टेबलावर ठेवला. "ह्यात कीटोन एकच आहे, नऊ नंबरला. अल्डिहाइड एक. बाहेर दहाच्या दहा केशरी आहेत."

सरांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. विद्यापीठाचं नाव निघालं की ते आधी कागद-पेन शोधायचे. "मावशी, चष्म्याचा नंबर कधी तपासलात?"

"गेल्या महिन्यात."

"नाही, म्हणजे, बाटल्यांवरची नावं बारीक असतात."

"सर, सात नंबरच्या टेबलाजवळ जाऊन श्वास घ्या. नाव चुकलं असतं तर डांबरगोळीचा वास आला नसता. चारला फळाचा येतोय. मी लिहिलंय तेच मी भरलंय."

सरांनी मान डोलावली. पण भीती माणसाला फार वेळ पटून घेऊ देत नाही. "बरं, नावं बरोबर असतील. मग सरमिसळ झाली असेल. कीटोनचा चमचा चुकून सगळ्यांत फिरला असेल. थोडंसं लागलं तरी पुरतं, तुम्हाला माहीत आहे."

मावशींनी डावीकडची ताटली पुढे सरकवली. त्यात दहा वेगवेगळे चमचे-ड्रॉपर पडले होते.

"आत्ता दहा दिसताहेत," सर म्हणाले, "भरताना किती होते ते कोणी बघितलंय? दार तर तुम्ही लावून घेता." त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि स्वतःच लिहायला लागले. लिहिता लिहिता बोलतही होते, समजुतीच्या सुरात. "हे बघा, मी तुम्हाला दोष देत नाही. इतकी वर्षं तुम्ही केलंत, तेच खूप झालं. 'नमुने भरताना माझ्याकडून सरमिसळ झाली.' एवढी एक ओळ. तुम्ही सही करा, मी विद्यापीठाला कळवतो, परीक्षा आठ दिवसांनी परत घेऊ. यापुढे नमुने मॅडम भरतील. तुम्हालाही त्रास नको."

म्हणजे असं होतं तर. एका ओळीत एकोणीस वर्षं पुसायची होती, आणि पुसायला ओला बोळा त्यांच्याच हातात द्यायचा होता. नोकरी जाणार नव्हती. उद्यापासून झाडू, पोछा आणि भांडी. कोठीची किल्ली सुनेच्या पर्समध्ये जाणार, आणि ती रोज रात्री त्यांच्याच घरातल्या खुंटीवर लटकणार.

मावशींना राग आला नाही. त्यांना कोडं पडलं होतं, आणि कोडं पडलं की त्यांना राग यायला सवड मिळत नसे. सरमिसळ नाही, हे त्यांना आपल्या हाताइतकं ठाऊक होतं. मग दहाही नळ्यांत कीटोन आला कुठून? फसफसणाऱ्यातही आणि बिनखोडीच्या डांबरगोळीतही. नमुने दहा, पण खोड एकच. म्हणजे ही खोड नमुन्यांची नाही. दहांच्यात सामाईक असं दुसरं काहीतरी आहे.

"मावशी," सून हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "करून टाका सही. पोरं बाहेर ताटकळलीत. एका सहीने काही बिघडत नाही."

हे मात्र मावशींना लागलं. सगळ्या जगाने म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मान वर केली. सुनेने त्यांच्यापुढे पेन धरलं होतं. आता हातमोजे काढलेले होते. आणि पेन धरलेल्या बोटांची नखं गडद लाल होती. एकाही नखाचा टवका उडालेला नव्हता.

मावशी त्या नखांकडे बघतच राहिल्या.

नखं साफ केलेली नाहीत. मग सकाळी ॲसिटोनचा वास आला तो कसला? ॲसिटोनला नुसतं बोट लागलं असतं तरी रंग पुसला असता. रंग शाबूत आहे, म्हणजे हातमोजे घालून काम केलं. हातमोजे घालून, इतकं ॲसिटोन, की अंगाला वास यावा. मोठ्या संस्थेत काम केलेली पोर. तिथे काचेची भांडी लवकर सुकायला हवीत म्हणून ॲसिटोनने विसळतात, असं तिनेच एकदा घरी भाजी चिरताना सांगितलं होतं. आणि सरांनी काल तिला बजावलं होतं, ओल्या नळ्या दिसता कामा नयेत.

ॲसिटोन म्हणजे कीटोनच. कीटोनांच्या घरातला सगळ्यात धाकटा.

डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याच उजेडात सुनेचा उतरलेला चेहरा दिसला. तिला काही कळलेलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की सासूच चुकली. मावशींनी जिभेवर आलेलं नाव गिळलं. नाव घेतलं असतं तर काम एका वाक्यात झालं असतं. पण तात्पुरती नोकरी म्हणजे दोऱ्यावर वाळत घातलेला कपडा, वाऱ्याची एक झुळूक पुरते. आणि नुसतं बोट दाखवलं तर सर म्हणणार, म्हातारी सुनेवर ढकलतेय. हे बोलून सुटणारं नव्हतं, नळीत दाखवून सुटणारं होतं.

त्यांनी पेन घेतलं आणि टेबलावर आडवं ठेवून दिलं.

"सही करते, सर. पण एक नमुना राहिलाय."

"दहाच तर आहेत."

"अकरावा आहे. बाई, परवानगी द्या. दोन मिनिटांचं काम."

बाईंनी मान हलवली. मावशी बाहेर गेल्या आणि पत्र्याच्या डब्यातून एक नळी घेऊन आल्या. तोंडावर अंगठा दाबून धरला होता. "मॅडम," त्या सुनेला म्हणाल्या, "हा अकरावा नमुना. माझा हात नको, तुम्हीच घाला ह्यात डीएनपी."

"पण मावशी, ही तर रिकामी आहे."

"असू दे. घाला."

सुनेने बाटली घेतली. द्रावण पिवळं, नितळ. अंगठा बाजूला झाला, पाच-सात थेंब आत पडले. आधी काही झालं नाही. मग तळाशी धुकं जमल्यासारखं झालं, ते दाटलं, आणि बघता बघता रिकाम्या नळीत केशरी गाळ बसला.

बाहेरून पोरांची कुजबुज तेवढी येत होती.

"ह्यात मी काही भरलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "तरी हा कीटोन म्हणतोय."

परीक्षक बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी डब्यातली दुसरी नळी मागवली, तिच्या तोंडावरून हाताने वारा घेतला आणि डोळे मिटले. "ॲसिटोन. नळ्या ॲसिटोनने विसळून ओल्याच डब्यात बंद केल्यात."

"आता हिच्यातही बघा." मावशींनी कोठीतल्या मोरीवरून एक नळी घेतली. पाण्याने धुतलेली, रात्री तिथेच राहिलेली. टेबलांवरून कुप्या मागवल्या आणि तीत सात नंबरच्या कुपीतला कण टाकून वर डीएनपी ओतलं. सगळे वाकून बघत राहिले. पिवळं ते पिवळंच, नितळ ते नितळच राहिलं. मग तशाच दुसऱ्या नळीत चार नंबर. तोही नितळ. मग तिसरीत नऊ नंबर, ज्यात खरोखर कीटोन होता. तो इमानदारीत केशरी झाला.

सरांनी लिहिलेला कागद हळूच आपल्याकडे ओढला. पण भीतीने अजून पाठ सोडली नव्हती. "म्हणजे नमुने बरोबर आहेत. ठीक. पण मग नळ्या? नळ्या धुणंही मावशींचंच काम ना? मावशी, नळ्या तुम्हीच धुतल्यात?"

"नळ्यांची जबाबदारी माझी," मावशी म्हणाल्या. एवढंच. हे खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही.

सुनेच्या हातात ती अकरावी नळी अजून होती. गाळ आता तळाला नीट बसला होता. तिने नळी स्टँडमध्ये ठेवली.

"आई, थांबा," ती म्हणाली.

सरांनी चमकून बघितलं. ह्या खोलीत हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

"सर, नळ्या मी विसळल्या. सकाळी आले तर खुंट्यांवर अजून थेंब दिसत होते. तुम्ही ओल्या नकोत म्हणाला होतात. आमच्या संस्थेत आम्ही रोज असंच करायचो, पण तिथे ह्या परीक्षा करत नव्हतो. धूळ बसू नये म्हणून लगेच डब्यात भरून झाकण लावलं. ह्यांना माहीतही नाही, ह्या तेव्हा आत होत्या. तो कागद माझ्या नावाने करा."

सर काही बोलणार, तेवढ्यात परीक्षक बाईंनी हात वर केला. "कागद कशाला? कोणता नमुना चुकलाय? एकही नाही. नळ्या पाण्याने धुवा, वाळूच्या तव्यावर सुकवा. तासाभरात परीक्षा परत सुरू करू, पोरांना तेवढा वेळ वाढवून देऊ. माझ्या अहवालात मी लिहीन की परीक्षा एक तास उशिरा झाली, कारण नळ्यांची खात्री करून घेतली. आणि मॅडम," त्या सुनेकडे वळल्या, "रिकामी नळी आधी तपासायची, हे मी पुस्तकात शिकवते. तुम्ही ते आज घरच्या माणसाकडून शिकलात."

"आणि नमुने?" मावशींनी विचारलं. प्रश्न सरांना होता. "पुढच्या वेळी नमुने कोण भरणार, सर?"

सरांनी कागद चुरगळायला घेतला. "कोण भरणार म्हणजे काय. तुम्हीच भरणार."

"मग तो चुरगळू नका. मागची बाजू कोरी आहे."

मावशींनी कागद टेबलावर उलटा घालून तळव्याने सपाट केला, मघाचं पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत, सावकाश लिहिलं: ह्या डब्यातल्या नळ्या फक्त पाण्याने धुवाव्यात. ॲसिटोन लावू नये. खाली सही केली. सरांना हवी होती तशीच, पूर्ण नावाची, शेवटच्या अक्षराला मोठा फाटा मारून. मग चिकटपट्टी घेऊन बाहेर गेल्या आणि पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर ती सही सगळ्यांना दिसेल अशी डकवली.

तासाभराने परीक्षा परत सुरू झाली. एक फसफसला, दोन जांभळा झाला, चष्मेवाल्या मुलीने फळाच्या वासाला बरोबर नाव दिलं. आणि सात नंबरवाला मुलगा शेवटपर्यंत डोकं खाजवत बसला होता. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने धीर करून लिहिलं की ह्यात काहीच नाही. मावशींना त्याचं कौतुक वाटलं. काही नाही असं लिहायला जास्त हिंमत लागते.

संध्याकाळी बसथांब्यावर दोघी उभ्या होत्या. सून बराच वेळ पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

"आई, मी सही करा म्हणाले. तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. म्हणजे, होता. पण..."

"नव्हता," मावशी म्हणाल्या. "असू दे. दहाच्या दहा केशरी बघितल्यावर माझाही कोणावर राहिला नसता."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू पेन पुढे केलंस तेव्हा. नखं लाल होती."

सुनेने आपल्या नखांकडे बघितलं. जरा वेळाने तिला सगळा धागा लागला आणि तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. मग तिथेच का नाही सांगितलंत? सरांनी नळ्यांचं विचारलं तेव्हाही गप्प राहिलात. मी बोलले नसते तर?"

"नमुना कोणता ते भरणाऱ्याने सांगायचं नसतं, मॅडम. समोरच्याने ओळखायचं असतं."

"आई, दार मागे राहिलं. आता मॅडम नका म्हणू."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि येणाऱ्या बसला हात केला. "मग घरी गेल्यावर ऐकून घे. तिथे मी काहीही पाकिटात बंद ठेवणार नाहीये."